लिफ्ट घसरली तेव्हा तिला धरलं कशानं?

केतकी_को

आमच्या इमारतीत संक्रांतीनंतरच्या शनिवारी जे झालं ते जरा सविस्तर लिहिते. तेव्हापासून बरंच वाचलं, बऱ्याच जणांना विचारलं, आणि इतकी वर्षं हे आपल्याला कुणीच कसं सांगितलं नाही असं वाटत राहिलं.

इमारत सात मजली, कोथरूडला, १९९८ सालची. लिफ्ट आठ जणांची. सातव्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. ते आटोपून आठ बायका एकदमच खाली निघाल्या, त्यात माझी आई, वय ७४. पाचव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबून ठेवलं होतं. लिफ्ट तिथे थांबायला गेली आणि थांबलीच नाही. आई म्हणते, आधी पाळण्यात बसल्यासारखं पोटात गोळा आला, मग खालून कडाडकन आवाज झाला आणि सगळ्या जणी एकमेकींवर आदळल्या. वाणाच्या स्टीलच्या वाट्या, तिळगूळ, सगळं पायाशी. दिवे चालू होते, पंखा चालू होता, फक्त लिफ्ट जागच्या जागी घट्ट.

केबिन चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकली होती. तिसऱ्या मजल्याचं दार किल्लीनं उघडलं तर केबिनची फरशी छातीच्या उंचीवर. दोघं-तिघं पोरं म्हणायला लागली, "काकू, उड्या मारा, आम्ही धरतो." आमच्या वॉचमनदादांनी अक्षरशः दोन्ही हात आडवे करून सगळ्यांना अडवलं. केबिनच्या खाली काळीकुट्ट मोकळी जागा दिसत होती, थेट तळापर्यंत. चाळीस मिनिटांनी मेकॅनिक आले, वर मशीन रूममध्ये जाऊन त्यांनी हातानं चाक फिरवत केबिन चौथ्यापर्यंत वर आणली आणि मग सगळ्या बाहेर आल्या. दोघींचे गुडघे सुजले, एकीचं मनगट मुरगळलं. आईला खरचटलंही नाही.

रात्रीपर्यंत सगळीकडे एकच बातमी, "दोर तुटला". दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनी केबिन खाली नेऊन ठेवली, तिसऱ्याचं दार उघडलं आणि मला लांब उभं करून आत बॅटरी मारली. दोन्ही बाजूंच्या लोखंडी रुळांवर साधारण हातभर लांबीचे चकचकीत ओरखडे होते, नवीन खरवडल्यासारखे. "ही बघा ताई, इथं सेफ्टी लागली. दोर चारही शाबूत आहेत, ब्रेक घसरला."

मग मी सोसायटीचं लिफ्टचं रजिस्टर काढलं. महिन्या-महिन्याच्या नोंदी: ऑइलिंग, क्लीनिंग, ओके. ऑइलिंग, क्लीनिंग, ओके. ज्या वस्तूनं त्या आठ जणींना धरलं, तिचं नाव मागच्या पाच वर्षांत एकदाही नाही. कमिटीतल्या कुणालाच ती माहीत नव्हती. मलाही नव्हती.

आई आता चार मजले जिन्यानं चढते-उतरते, मध्ये दोनदा बसते. "दोर तुटला नव्हता" एवढं सांगून तिचं समाधान होत नाही. तिला आणि मलाही नीट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

गाईडरेल

केतकीताई, मी ३१ वर्षं लिफ्टचं काम केलं. परळ, दादर, नंतर ठाण्याकडे. आता निवृत्त आहे. तुमच्या आईंना सांगा, त्या दिवशी लिफ्ट पडली नाही. पडायला निघाली होती, तिला पकडलं. हा फरक फार मोठा आहे.

आधी वजनाचं बघा. लिफ्ट म्हणजे विहिरीवरचा रहाट. एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट. काउंटरवेटमध्ये केबिनचं वजन अधिक भाराच्या साधारण निम्मं वजन घातलेलं असतं. आपल्याकडे एक माणूस ६८ किलो धरतात, म्हणजे आठ जणांची लिफ्ट ५४४ किलोची. चार माणसं आत असली की दोन्ही पारडी जवळपास सारखी. आठ असली की केबिन जड. आणि एकटाच माणूस असेल तर काउंटरवेट जड. म्हणून ब्रेक गेला आणि आत एकच जण असला तर लिफ्ट खाली येत नाही, *वर* जाते. लोकांना हे पटत नाही, पण मी डोळ्यांनी बघितलं आहे.

तुमच्याकडे आठ बायका, पूर्ण भार. पाचव्यावर मोटर बंद झाली, ब्रेकनं ड्रम आवळायला हवा होता. लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर, तेल उतरलं असणार किंवा लायनर झिजले असणार, ब्रेक घसरला आणि केबिन तिच्या जास्तीच्या वजनानं खाली निघाली. दोराचा यात संबंधच नाही. दोर तीन-चार असतात आणि सगळे मिळून भरलेल्या केबिनच्या बारा पट वजन पेलतील असे निवडतात. एक तुटला तरी उरलेले केबिन धरून ठेवतात. माझ्या ३१ वर्षांत सगळे दोर एकदम तुटलेले मी एकदाही बघितले नाहीत.

आता धरलं कशानं ते. मशीन रूममध्ये एक वेगळी, छोटी पुली असते. तिच्यावरून एक बारीक दोर जातो, पेन्सिलीएवढा जाड, खाली पिटात, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या तळाच्या खड्ड्यात, दुसऱ्या पुलीला वजन लावून ताणून धरलेला. तो केबिन उचलत नाही. केबिनला नुसता चिकटून तिच्याबरोबर फिरतो. ही पुली म्हणजे गव्हर्नर. आत फिरणारी वजनं असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, जत्रेतल्या चक्री पाळण्याच्या खुर्च्या वेगानं बाहेर जातात तशी. ठरलेला वेग ओलांडला की आधी एक स्विच पडतो आणि मोटर-ब्रेकची वीज तुटते. तरीही केबिन थांबली नाही आणि वेग वाढतच गेला, तर गव्हर्नरचे जबडे तो बारीक दोर चावून धरतात. दोर थांबला, केबिन खाली चालली आहे, त्यामुळे दोर केबिनच्या बाजूचा एक दांडा वर ओढतो. त्या दांड्याला जोडलेली पोलादी पाचर दोन्ही बाजूंनी गाईड रेलवर, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या रुळांवर, आवळली जाते. केबिन जितकी खाली जायला बघेल तितकी पाचर आणखी आवळते. आम्ही याला नुसतं "सेफ्टी" म्हणतो.

नीट लक्षात घ्या, यात वीज लागत नाही. बॅटरी लागत नाही. कॉम्प्युटर कार्ड लागत नाही. केबिनला तिच्याच वजनानं अडकवायचं, इतका साधा हिशोब आहे. वीज गेली, मोटर जळली, दोर तुटले, काहीही झालं तरी ती लागते. फक्त ती स्वच्छ आणि मोकळी असायला हवी.

वॉचमनदादांना माझा नमस्कार कळवा. अडकलेल्या लिफ्टमधून उडी मारताना पाय मागे घसरून केबिनखालच्या पोकळीत गेलेली माणसं मला माहीत आहेत. केबिनच्या उंबऱ्याखाली पत्र्याचा एक सरळ पडदा असावा लागतो, एप्रन म्हणतात, तेवढ्यासाठीच. जुन्या लिफ्टमध्ये तो वीतभर असतो किंवा नसतोच.

सातारी_मास्तर

गाईडरेलकाका, फार सुंदर समजावलंत. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी नववीच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला, "सर, लिफ्ट पडली तर जमिनीला टेकायच्या क्षणी उडी मारली तर वाचू का?"

गणित करून बघू. समजा काहीच अडथळा नाही आणि केबिन ३० मीटरवरून, म्हणजे दहाव्या मजल्यावरून मोकळी सुटली. तळाला वेग सेकंदाला २४ मीटर, ताशी ८७ किलोमीटर. चांगला खेळाडू जागेवरून उडी मारताना सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगानं वर जातो. म्हणजे २४ चे २१ झाले. शिवाय मोकळ्या पडत्या केबिनमध्ये पायाला फरशीचा दाबच लागत नाही, उडी मारायला रेटा कशावर देणार? आणि तळ कधी येतोय ते कळणार कसं?

पण खरी गंमत गाईडरेलकाकांच्या पाचरेच्या बाजूनं गणित केलं की कळते. सेकंदाला १ मीटर वेगाची लिफ्ट धरा. गव्हर्नर साधारण दीड मीटरच्या वेगाच्या आत लागायला हवा. सगळे दोर एकदम तुटले, असं अगदी वाईटात वाईट धरलं, तरी १ वरून दीडवर वेग जायला केबिनला साडेसहा सेंटिमीटर पडावं लागतं. चार बोटं! पुढे पाचरेला लागायला क्षणभर आणि थांबायला आणखी वीत-दोन वीत. म्हणजे सगळा खेळ हात-दीड हातात संपतो. ताईंनी पाहिलेला हातभर ओरखडा या हिशोबात बरोबर बसतो. हा प्रश्न यापुढे मी वर्गात उलटा विचारणार आहे: लिफ्ट किती *कमी* पडते?

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, नोकरी मॅनहॅटनमध्ये. याच भागात ही गोष्ट सुरू झाली म्हणून लिहिते.

एलिशा ओटिस हे न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्सच्या पलंगांच्या कारखान्यात काम करायचे. १८५२ च्या सुमारास माल वर चढवायच्या पाळण्यासाठी त्यांनी युक्ती काढली. पाळण्याच्या माथ्यावर घोडागाडीचा कमानपाटा बसवला आणि दोर त्याला बांधला. दोर ताणलेला असेतो कमानपाटा वाकलेला. दोर तुटला की तो सरळ होणार आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांमध्ये अडकणार. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात ते स्वतः पाळण्यावर उभे राहिले, उंच गेले आणि सगळ्यांसमोर दोर तोडायला लावला. पाळणा थोडासा खचला आणि थांबला. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका पाचमजली काचसामानाच्या दुकानात माणसांसाठीची पहिली लिफ्ट सुरू झाली. त्याआधी वरचे मजले म्हणजे स्वस्त भाड्याचे, नोकरमाणसांचे. उंच इमारतींचं हे शहर उभं राहायला त्या दातेरी पट्ट्यांचा मोठा हातभार आहे.

पण ती युक्ती दोर *तुटला* तरच चालायची. ताईंच्या आईंच्या बाबतीत दोर ताणलेलाच होता, तिथे ती लागलीच नसती. पुढे आलेला गव्हर्नर कारण विचारत नाही, फक्त वेग बघतो. ही सुधारणा मला जास्त मोलाची वाटते.

आणि न्यूयॉर्कचीच एम्पायर स्टेट इमारत. २८ जुलै १९४५ ला धुक्यात एक बी-२५ बॉम्बर विमान ७९ व्या मजल्यात घुसलं. १४ जण गेले. बेटी लू ऑलिव्हर ही वीस वर्षांची लिफ्टचालक भाजली होती. तिला खाली न्यायला दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेवलं, आणि त्या लिफ्टचे आधीच दुखावलेले दोर तुटले. ७५ मजले खाली गेली, जगली. सेफ्टी का लागली नाही? कारण धडकेत गव्हर्नरचा बारीक दोरही तुटला होता. तळाशी तुटलेल्या दोरांची वेटोळी साचली होती, शाफ्टमधली, म्हणजे लिफ्टच्या विहिरीतली, हवाही दाबली गेली असणार, असं सांगतात. न्यूयॉर्कच्याच वूलवर्थ इमारतीत तर १९१३ साली मुद्दाम शाफ्टचा खालचा भाग बंदिस्त करून हवेची गादी केली होती. ती पद्धत पुढे मागे पडली, कारण पाचर असताना तिची गरज उरली नाही.

अलीकडचं उदाहरण शिकागोचं. नोव्हेंबर २०१८, शंभर मजली इमारत, ९५ व्या मजल्यावरून सहा जण निघाले. एक दोर तुटला, केबिन थेट अकराव्याच्या आसपास येऊन थांबली. त्या शाफ्टला मधे दारंच नव्हती, अग्निशमन दलाला वाहनतळाची भिंत फोडून त्यांना काढावं लागलं. तीन तास गेले. सहाही जण धडधाकट बाहेर आले.

चौथी_गल्ली

या धाग्यावर सगळे पडत्या लिफ्टबद्दल लिहीत आहेत. मला न पडणाऱ्या लिफ्टबद्दल लिहायचं आहे.

आमची गिरगावातली जुनी इमारत, जाळीच्या सरकत्या दाराची लिफ्ट. दोन वर्षांपूर्वी पहाटे आमच्या मजल्यावर दिवा गेलेला होता. माझे सासरे फिरायला निघाले. सवयीनं बाहेरचं दार ओढलं, ते उघडलं. त्यांनी पाऊल उचललं आणि समोरून येणारा तेलकट गार वारा तोंडाला लागला म्हणून थबकले. समोर केबिन नव्हतीच, ती तळमजल्यावर होती. एका पावलाचा फरक होता. आजही ते सांगताना त्यांचा आवाज कापतो.

केबिन समोर नसेल तर बाहेरचं दार उघडताच कामा नये, त्यासाठी प्रत्येक मजल्यावर कुलूप असतं. आणि दार उघडं असेल तर लिफ्ट हलता कामा नये, त्यासाठी स्विच असतो. नंतर कळलं की आमच्या मजल्याचं कुलूप वारंवार बिघडायचं, लिफ्ट बंद पडायची, लोक ओरडायचे. म्हणून देखभाल करणाऱ्या माणसानं कुलपाचा दांडा मोडलेलाच ठेवला होता आणि स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून दिला होता. लिफ्ट "चालू" झाली. कुणीही विचारलं नाही की कशी.

काका, चुकत असेन तर सांगा, पण मला वाटतं आपल्याकडे माणसं पडत्या लिफ्टमध्ये मरत नाहीत, लिफ्ट नसलेल्या विहिरीत पडून मरतात.

गाईडरेल

ताई, तुम्ही अजिबात चुकत नाही. त्या वायरच्या तुकड्याला आम्ही जंपर म्हणतो. दुरुस्ती करताना दोन मिनिटांसाठी लावावा लागतो, आणि काढूनच खाली उतरायचं असतं. तो लावून घरी गेलेला माणूस माझ्या हाताखालचा असता तर दुसऱ्या दिवशी कामावर नसता. पण यात एक कडू गोष्ट आहे. लिफ्ट बंद पडली की सोसायटी तासाला दहा फोन करते, आणि जंपर लावून चालू केली की चहा पाजते.

सहकार_नाना

मी नाशिकच्या एका सोसायटीचा नऊ वर्षं सचिव आहे. कुणाला दुखवायचं नाही, पण दुसरी बाजूही मांडतो. केतकीताईंचा धागा वाचून मी लगेच आमच्या मेकॅनिकला सेफ्टीच्या चाचणीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "नाना, कशाला? पाचर लावली की रुळाला ओरखडे पडतात, मग केबिन खडखडते. बसवताना तपासली होती, इन्स्पेक्टरनं बघितली होती. उगाच हात लावला तर अडकून बसेल." शिवाय त्या दिवशी लिफ्ट तीन-चार तास बंद. आमच्याकडे सहाव्या मजल्यावर डायलिसिसला जाणारे एक गृहस्थ आहेत. आम्ही मागच्याच वर्षी खर्च करून ए.आर.डी. बसवलं. तेवढं पुरेसं नाही का?

गाईडरेल

नाना, तुमची अडचण खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ए.आर.डी. आणि सेफ्टी यांचा काहीही संबंध नाही. ए.आर.डी. म्हणजे बॅटरी. वीज गेली की लिफ्ट हळूहळू जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडते. फार उपयोगी, तुमच्या डायलिसिसवाल्या गृहस्थांसाठी तर हवीच. पण घसरत्या लिफ्टला ती धरत नाही. हा गैरसमज मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकला आहे. पिटातले बफरही तसेच. तळमजला ओलांडून केबिन थोडी खाली आली तर तिला झेलायला ते आहेत, नेहमीच्या वेगाच्या थोडं वर. सातव्या मजल्यावरून सुटलेल्या केबिनसाठी नाहीत.

आता ओरखडे. चाचणी भरल्या केबिननं आणि पूर्ण वेगानं करत नाहीत, ती बसवताना एकदा होते. दरवर्षीची चाचणी रिकाम्या केबिननं, इन्स्पेक्शनच्या सावकाश वेगानं. एक माणूस मशीन रूममध्ये गव्हर्नरचा जबडा हातानं पाडतो, केबिन खाली जाता जाता पाचर लागते. मग बघायचं: दोन्ही बाजूंच्या पाचरी एकदम लागल्या का, फरशी तिरकी झाली का, स्विच पडला का, आणि हातानं पूर्ववत केल्याशिवाय लिफ्ट सुरू होत नाही ना. मग केबिन वर घेतली की पाचर आपोआप सुटते. रुळावर जी धार उठते ती कानशीनं घासायची, दहा मिनिटांचं काम. केबिन खडखडत राहत असेल तर घासलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

"हात लावला तर अडकून बसेल" असं मेकॅनिक म्हणत असेल, तर मला तेवढ्यावरूनच काळजी वाटते. नीट असलेली सेफ्टी अडकून बसत नाही, सुटते. जी चाचणीत सुटणार नाही अशी भीती आहे, ती वेळेला *लागेल* याची खात्री कशी देणार? मी उघडलेल्या जुन्या लिफ्टमध्ये काय काय सापडलं सांगतो. पाचरेवर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ, काळ्या चिखलासारखी थापलेली. मशीन रूमला रंग देताना रंगाऱ्यानं गव्हर्नरवरही ब्रश फिरवलेला, जबडे रंगानं चिकटलेले. पिटात पावसाचं पाणी, खालची ताणपुली गंजून जाम, बारीक दोर लांबून तिचं वजन जमिनीला टेकलेलं. असा सैल दोर जबड्यांनी धरला तरी दांडा ओढणार कोण? लिफ्ट मात्र रोज छान चालते, कारण रोजच्या चालण्यात सेफ्टीचं कामच नसतं. बिघाड कळायला तोच एक दिवस उजाडावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात आधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता, आता २०१७ चा आहे. लिफ्टचा परवाना सोसायटीच्या नावावर असतो, देखभाल करणाऱ्याच्या नाही. इन्स्पेक्टर येतील तेव्हा सचिवांनी वर चढून शेजारी उभं राहावं आणि "साहेब, सेफ्टी लावून दाखवा" म्हणावं. मी काम करताना असं म्हणणारे सचिव फार थोडे भेटले. जे भेटले त्यांचा मला आदर वाटायचा, राग कधीच आला नाही.

तामा_नदी

मी तोक्योत असतो. इथे २००६ च्या जूनमध्ये मिनातो भागात एक सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा सायकल घेऊन बाराव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरत होता. दार उघडं असतानाच केबिन वर सरकली आणि तो चिरडला गेला. काकांनी लिहिलं तेच, केबिन हलकी, ब्रेक झिजलेला, काउंटरवेट जड. पाचर खाली जाणाऱ्या वेगासाठी असते, इथे तिचा उपयोग नव्हता. त्यानंतर २००९ पासून जपानमध्ये नव्या लिफ्टना दुहेरी ब्रेक आणि दार उघडं असताना केबिन हलली तर थांबवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यासाठी त्या मुलाच्या आईनं किती वर्षं पाठपुरावा केला ते इथल्या बातम्यांमध्ये वाचलं आहे. जुन्या लिफ्टना मात्र ती सक्ती नाही.

नवी लिफ्ट घेणाऱ्यांनी हे जरूर विचारावं: वर जातानाच्या वेगाला आणि उघड्या दारानं हलण्याला वेगळी सुरक्षा आहे का?

पंचगंगा७१

छान धागा. कोल्हापूरला आमच्या बंगल्यात तीन मजल्यांची हायड्रॉलिक लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्यांसाठी घेतली. तिला काउंटरवेट नाही. मग तिला काय धरतं?

गाईडरेल

तिला तेल धरतं. तेलाची नळी फुटली तर सिलिंडरमधलं तेल एकदम निघून केबिन खाली येईल, म्हणून सिलिंडरच्या तोंडाशीच एक झडप असते, रप्चर व्हॉल्व्ह. तेल ठरलेल्यापेक्षा जोरात वाहायला लागलं की ती मिटते. ती सिलिंडरलाच बसवलेली आहे ना, मधे रबरी नळी नाही ना, एवढं बघून घ्या. केबिन दोरांवर किंवा साखळीवर लटकत असेल तर तिलाही सेफ्टी हवीच. बसवणाऱ्याकडून लेखी घ्या.

वागळे_पाणी

मी बांधकाम क्षेत्रात सुपरवायझर आहे. सगळे राहत्या इमारतींबद्दल बोलत आहेत, पण १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीच्या बांधकामावरची लिफ्ट कोसळली, सात कामगार गेले. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग संपवून खाली येत होते. मी दुसऱ्या साइटवर होतो, पण त्या आठवड्यात आमची एकूण एक माणसं जिन्यानं चढली. २२ मजले, डोक्यावर सामान. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी आमच्या साइटवर तेव्हापासून दर सोमवारी सकाळी पहिली फेरी रिकामी घेतो आणि सुरक्षा ब्रेकची चाचणी ठरलेल्या तारखेला स्वतः उभा राहून करून घेतो. या माणसांचा जीव सोसायटीवाल्यांपेक्षा स्वस्त नाही.

केतकी_को

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला हा धागा छापून दिला. पहिल्या बैठकीत दोघांचा विरोध होता, खर्चावरून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचं मनगट मुरगळलं होतं, प्लास्टर घालून बैठकीला आल्या, तेव्हा विषय संपला.

काल चाचणी झाली. ब्रेकचे लायनर आधीच बदलून घेतले होते. मी मशीन रूमच्या दाराशी उभी होते. गव्हर्नर म्हणजे एवढंसं चाक असेल अशी कल्पना नव्हती, आपल्या पोळपाटापेक्षा थोडं मोठं. त्याच्या स्क्रूला शिशाचं सील होतं, ते कुणी छेडलेलं नाही ना हे मेकॅनिकनी आधी दाखवलं. मग केबिन सावकाश खाली सोडली आणि जबडा पाडला. टक् असा छोटा आवाज, बारीक दोर जागीच थांबला, आणि खालून शाफ्टमधून लोखंड घासल्याचा आवाज वर आला. मुख्य दोर पुलीवर सैल पडले. केबिनचं वजन दोरांवर नव्हतं, रुळांवर होतं. हे डोळ्यांनी बघितल्यावर मला काही क्षण बोलताच येईना.

पण पूर्ण ठीक नव्हतं. चौथ्या मजल्यावरून स्पिरिट लेव्हल ठेवून फरशी बघितली तर एका बाजूला झुकलेली. डाव्या बाजूची पाचर उशिरा लागत होती, तिच्या सांध्यात जुनं ग्रीस घट्ट झालं होतं. म्हणजे त्या शनिवारीही ती उशिराच लागली असणार. ती काढून रॉकेलनं धुतली, परत बसवली, परत चाचणी. दुसऱ्या वेळी फरशी सरळ. रुळांच्या धारा कानशीनं घासल्या. एकूण पावणेतीन तास लिफ्ट बंद होती.

रजिस्टरमध्ये आता वेगळं पान आहे: तारीख, गव्हर्नर, सेफ्टी, ब्रेक लायनर, प्रत्येक मजल्याचं दारकुलूप, पिटातलं पाणी. मेकॅनिकची सही आणि शेजारी उभ्या असलेल्या सभासदाची सही. काल माझी सही आहे.

आईला रुळावरचे ओरखडे दाखवले, काकांची रहाटाची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. अजून जिन्यानंच जाते आहे, मी आग्रह केलेला नाही.

सहकार_नाना

केतकीताई, ते रजिस्टरचं पान इथे टंकून टाकाल का? आमची तारीख ठरली आहे, पुढच्या रविवारी सकाळी. डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असतं, त्यामुळे रविवार जमतो.

गाईडरेल

नाना, रविवारी मी मोकळा आहे. नाशिकला मुलीकडे यायचंच आहे. तुमचा मेकॅनिक हरकत घेणार नसेल तर बाजूला उभा राहीन, हात लावणार नाही. एक करा, शनिवारी रात्री लॉबी धुवायला देऊ नका. ते पाणी उंबऱ्यावरून पिटात जातं आणि ताणपुली कोरडी असताना बघायला हवी.